जिभेखालची दोरी कापायची का?

श्रोतेहो, नमस्कार.

"डॉक्टर, हेची जीभ खाली चिकटल्या म्हणत्यात. कापून टाकूया काय?" हा प्रश्न मला कागलहून आलेल्या आजीही विचारतात आणि ताराबाई पार्कातला इंजिनिअर बापही विचारतो. मांडीवर दीड-दोन वर्षांचं पोर असतं आणि ते काही केल्या तोंड उघडत नाही. म्हणजे जिच्यावर चर्चा चाललेली असते, ती जीभ अजून कुणी नीट बघितलेलीच नसते.

जिभेखाली मधोमध एक पातळ पडदा असतो. आपण त्याला दोरी म्हणू. ती तुमच्या-माझ्या तोंडातही आहे. काही मुलांत ती आखूड असते किंवा अगदी शेंड्याजवळ जोडलेली असते. अशा मुलाने जीभ बाहेर काढली की शेंडा मध्ये ओढला जातो आणि पत्त्यांतल्या बदामासारखा दिसतो. डॉक्टर याला टंग टाय म्हणतात. पण दोरी दिसली म्हणून ती कापावी असं नाही. मुलाला त्या दोरीमुळे नेमकं काय जमत नाही, हे आधी सांगता आलं पाहिजे.

तान्ह्या बाळात हे सांगणं सोपं असतं. बाळाला स्तन नीट धरता येत नाही, आईला जखमा होतात, वजन वाढत नाही. पाजण्याची पद्धत सुधारूनही फरक पडला नाही, तर दोरी कापण्याला अर्थ आहे. बाळाला दुपट्यात गुंडाळायचं, काही सेकंदांचं काम, रक्ताचे दोन-चार थेंब, आणि लगेच आईच्या छातीशी. दीड-दोन वर्षांच्या पोराचं मात्र तसं नाही. त्याला दात आलेले असतात, अंगात जोर असतो, भीतीही कळायला लागलेली असते. त्याला हातपाय धरून आडवं पाडायचं आणि तोंडात कात्री घालायची, हे मला पटत नाही. म्हणून या वयात बहुतेक वेळा भूल द्यावी लागते. काप लहानच असतो, विचार करायचा तो भुलीचा.

आता बोलण्याकडे येऊ, कारण या वयात घरचे येतात ते मुख्यतः त्यासाठीच. "दोन वर्षं झाली, पोरगं बोलंना. जीभ जड असंल." शेजारीण वेखंड उगाळून लावायला सांगते, मोबाइलवरचा व्हिडिओ लेझर सांगतो. श्रोतेहो, आखूड दोरीमुळे फार तर काही उच्चार अडखळतात. शब्दच न येणं, आई-बाबा न म्हणणं, दोन शब्द जोडता न येणं, याला दोरी कारण नसते. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकॅडमीने २०२० मध्ये सहमतीने काढलेल्या निवेदनातही असंच म्हटलं आहे, की टंग टायमुळे सहसा बोलण्यावर परिणाम होत नाही.

मग मूल बोलत का नाही? आधी कान बघा. "टाळी वाजवली की बघतंय की वो," हे मी नेहमी ऐकतो. पण टाळीचा मोठा आवाज ऐकणारं मूल हळू बोललेलं ऐकत नसेल. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि महिनोन्‌महिने कमी ऐकू येतं, तेही कान न दुखता. बेरासारख्या, म्हणजे आवाजाला मेंदू कसा प्रतिसाद देतो हे मोजणाऱ्या तपासण्या मूल झोपलेलं असताना होतात, त्यात सुई-टाके काही नाही. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. शिवाय राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतं. ऐकू न येणं आणि उशिरा बोलणं या दोन्ही गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. गगनबावड्याच्या किंवा शाहूवाडीच्या वाडीवरच्या आईने अंगणवाडी ताईला विचारलं, तरी रस्ता सापडतो. हे सगळं सोडून आधी दोरी कापली, तर कानाचे सहा महिने फुकट जातात.

उच्चारांचं म्हणाल, तर तीन वर्षांचं मूल रंकाळ्याला "लंकाला" म्हणतं. त्यात काळजीचं काही नाही. र आणि ळ मराठी मुलांच्या तोंडी उशिराच बसतात. उलट त्याने ल स्वच्छ म्हटला, तर जिभेचा शेंडा बहुधा वरच्या दातांच्या मागे पोचतो आहे. संध्याकाळी रंकाळ्यावर कुल्फी द्या आणि ते ती कशी चाटतं हे बघा. ओठांना लागलेलं जिभेने पुसून घेतं का, घास गालातून इकडेतिकडे फिरवतं का? हे सगळं जमत असेल, तर थांबायला हरकत नाही. चार वर्षांनंतरही परक्या माणसाला बोलणं समजत नसेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जा. त्यांनी शेंडा अडतोय असं सांगितलं, की मग ऑपरेशनचं बोलू.

वरच्या ओठाच्या आतल्या पट्टीबद्दलही विचारतात, कारण समोरच्या दुधाच्या दातांत फट दिसते. दुधाच्या दातांत फट असणं चांगलंच, पुढच्या मोठ्या दातांना जागा मिळते. कायमचे सुळे येईपर्यंत, म्हणजे साधारण अकरा-बारा वर्षांपर्यंत, ती फट बऱ्याचदा आपोआप मिटते. ही पट्टी पोर पडल्यावर फाटते, रक्त बघून घर हादरतं. स्वच्छ कापडाने ओठावरून दहा मिनिटं दाबून धरा. सारखा ओठ वर करून बघू नका, रक्त पुन्हा सुरू होतं. बहुतेकदा टाकाही लागत नाही.

आणि खरंच ऑपरेशन ठरलं तर? भूल कोण देणार, त्यांना लहान मुलांचा अनुभव आहे का, हे सर्जनच्या नावाइतक्याच आग्रहाने विचारा. विचारल्याने डॉक्टर रागावत असतील, तर दुसरे डॉक्टर बघा. घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास असेल तर आधीच सांगा. भुलीने मेंदूवर काय होईल, ही भीती मोठी असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांसाठी इशारा दिला, तो तीन तासांहून लांबलेल्या किंवा पुन्हा पुन्हा द्याव्या लागणाऱ्या भुलीबद्दल होता. एकदाच दिलेल्या थोड्या वेळाच्या भुलीने नुकसान होण्याची शक्यता कमी, असंही त्यातच आहे. पाच-दहा मिनिटांच्या कामासाठी ही भीती धरून बसू नका. पण गरज नसताना तेवढीही भूल कशाला?

आदल्या रात्री सर्दी-ताप आला तर तारीख पुढे ढकला, मुहूर्त बघितलेला असला तरी. साधारणपणे जेवण आणि वरचं दूध सहा तास आधी बंद, आईचं दूध चार तास आधी, साधं पाणी दोन तास आधी. तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील ते अंतिम. इथे आजीला विश्वासात घ्या, कारण "लेकरू उपाशी हाय" म्हणून पदराआडून बिस्कीट दिलं जातं, आणि भुलीत उलटी झाली तर ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं. दिलं असेल तर लपवू नका. ऑपरेशन रद्द होईल, एवढंच.

घरी आल्यावर थंड दूध, दही-भात, मऊ खिचडी. तिखट रस्सा काही दिवस बाजूला. कापलेल्या जागी पांढरट-पिवळी खपली दिसेल. तो पू नव्हे, जखम भरते तेव्हा तसंच दिसतं. दाबूनही रक्त थांबत नसेल, मूल काहीच पीत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा अंग तापलं असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.