मूठ वयत नाही

(पहाट. चूल. कोमट पाण्याच्या गंजात बुडवलेले दोन हात.)

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. वेचणीचे दिवस आहेत, बाया केव्हाच वावरात गेल्या. ही मावशी मात्र अजून चुलीपुढंच आहे. "सकायी मूठच वयत नाही वं बाई," ती म्हणते. बोटं मोकळी व्हायला तास-दीड तास जातो. भाकर आता सून थापते.

वेचणीची मजुरी किलोवर. बोंडातला कापूस चिमटीत धरून ओढायचा. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटं सोलून काढतात. म्हणून बोटं दुखली की गावात एकच उत्तर: कामानं दुखतात. दोन वर्षं तीही तेच म्हणत होती.

पण कामाचं दुखणं संध्याकाळी वाढतं, झोपेनं उतरतं. हिचं उलटं. झोपून उठलं की जास्त. आणि दोन्ही हातांचे तेच तेच सांधे सुजलेले. हा आमवात, डॉक्टर याला ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतात. पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होणारा.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. आपलं कोण, परकं कोण, हे त्यांना कळतं. ती ओळख बिघडली की त्या आपल्याच अंगावर उलटतात. इथं सांध्याच्या आतलं नाजूक अस्तर त्यांच्या तावडीत सापडलंय. ते सुजतं, जाड होतं, मग हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा आणि हाड कुरतडायला लागतं. हाच घोळ स्वादुपिंडात झाला तर इन्सुलिन आटतं, कातडीत झाला तर कोड उठतं. हो, कोडसुद्धा. ते कुणाच्या पापाचं फळ नव्हे.

दुखणं मारायची गोळी घेतली की बरं वाटतं, पण सांधा आतून कुरतडला जातच असतो. जीव तुटतो तो इथं. औषधानं सांधा सर्वांत चांगला वाचतो तो पहिल्या काही महिन्यांत, आणि नेमके तेच महिने या गोळ्यांवर निघून जातात. मावशीची दोन बोटं वाकली, ती आता सरळ होणार नाहीत.

बाकीच्या बोटांसाठी मेथोट्रेक्सेट सुरू झालंय, उलटलेल्या पेशींना आवर घालणारं औषध. गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. म्हणून तिनं बाजाराचा वार धरलाय. बाजारातून आली, पिशवी ठेवली, की गोळी. मधूनमधून रक्त तपासायला तालुक्याला जायचं. गुण यायला दीड-दोन महिने लागतील, असं डॉक्टरांनी सांगितलंय.

आज सहावा बाजार.