ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही

(सामुदायिक रेडिओवर काम करणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

२६ जानेवारी २०२४ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं दक्षिण आफ्रिका विरुद्ध इस्रायल या खटल्यात, म्हणजे गाझात इस्रायल नरसंहार करत असल्याच्या आरोपाच्या खटल्यात, अंतरिम आदेश दिला. त्यानंतर जगभरच्या अनेक चर्चांमध्ये एक वाक्य फिरू लागलं: ‘गाझात नरसंहार होत असल्याचं न्यायालयाला सकृद्दर्शनी पटलं.’ आदेशात हे वाक्य नाही. न्यायालयाचं म्हणणं होतं की नरसंहारापासून संरक्षण मिळण्याचा पॅलेस्टिनी लोकांचा हक्क या प्रकरणात लागू होतो असं मानायला जागा आहे, त्या हक्काला भरून न येणारी हानी पोचण्याचा धोका खरा आणि तातडीचा आहे, म्हणून निकाल लागेपर्यंत इस्रायलनं अमुक अमुक पावलं उचलावीत. नरसंहार झाला की नाही, हा प्रश्न पुढच्या सुनावणीसाठी राखून ठेवला गेला. न्यायालयाच्या तेव्हाच्या अध्यक्षा जोन डोनह्यू निवृत्तीनंतर, एप्रिलमध्ये, बीबीसीच्या मुलाखतीत याविषयी बोलल्या आणि त्यांनी हा फरक उलगडून सांगितला. मधल्या तीन महिन्यांत चुकीचं वाक्य लोकांच्या तोंडी बसलं होतं.

छापील मजकुरात वाचक दोन ओळी मागे जाऊन पाहू शकतो. रेडिओ ऐकणारी बाई भाकऱ्या थापत असते, माणूस शेतात पाणी धरत असतो. वाक्य कानावरून गेलं की गेलं. त्यामुळे युद्ध, न्याय, तंत्रज्ञान अशा विषयांवर तुम्ही दोन-तीन अभ्यासकांना बोलावता, तेव्हा कार्यक्रमाचं निम्मं काम माईक सुरू होण्याआधीच व्हायला हवं. ते काम म्हणजे शब्द ठरवणं.

रेकॉर्डिंगच्या आधी सगळ्यांना अर्धा तास एकत्र बसवा आणि दहा-बारा शब्दांची यादी पुढ्यात ठेवा. कोणता शब्द कोणत्या अर्थानं वापरायचा, ते तिथेच पक्कं करा. ‘आंतरराष्ट्रीय न्यायालय’ आणि ‘आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय’ ही दोन्ही हेगमध्ये आहेत आणि मराठीत त्यांची सर्रास गल्लत होते. पहिलं संयुक्त राष्ट्रांचं आहे आणि तिथे फक्त देश देशाविरुद्ध जातो. दुसरं १९९८ च्या रोम करारातून निघालं, २००२ मध्ये सुरू झालं आणि ते व्यक्तींवर खटले चालवतं. मार्च २०२३ मध्ये पुतिन यांच्याविरुद्ध आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतान्याहू यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं ते या दुसऱ्यानं. भारत रोम करारात सामील नाही, हेही त्याच दमात सांगा, कारण श्रोत्याच्या मनात पुढचा प्रश्न तोच येतो. पहिल्या न्यायालयाची गती कशी असते, हे कळायला बोस्नियानं तिथे नेलेला नरसंहाराचा खटला पुरेसा आहे. तो १९९३ मध्ये दाखल झाला आणि निकाल लागला २००७ मध्ये.

तसंच ‘निर्वासित’ आणि ‘विस्थापित’ या शब्दांचं. १९५१ च्या कराराप्रमाणे निर्वासित म्हणजे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, सामाजिक गट किंवा राजकीय मत यांवरून छळ होईल या रास्त भीतीनं देशाची सीमा ओलांडून गेलेला माणूस. विस्थापिताचं घर गेलेलं असतं, पण तो स्वतःच्याच देशात असतो. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला खार्टूममध्ये लष्कर आणि ‘आरएसएफ’ हे निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली. त्यानंतर एक कोटीहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं आणि त्यांतले बहुतेक सुदानमध्येच राहिले. त्यांना सरसकट ‘निर्वासित’ म्हटलं की श्रोत्याला वाटतं, चला, निदान सुटले. ते सुटलेले नाहीत. ज्यांच्या बंदुकांपासून पळाले त्यांच्याच हद्दीत ते आहेत, आणि निर्वासिताला मिळणारं कायद्याचं कवच त्यांना मिळत नाही.

आता आकडे. प्रत्येक आकड्याबरोबर तीन गोष्टी बोलायच्या: कोणी मोजला, काय मोजलं आणि कधीपर्यंतचा आहे. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाचा मृतांचा आकडा सांगताना त्यात लढणारे आणि सामान्य नागरिक वेगळे केलेले नसतात, हे सांगावं लागतं. ढिगाऱ्याखाली राहिलेले बेपत्ता लोक त्यात येत नाहीत, हेही सांगावं लागतं. यातली एकच बाजू सांगितली तर तुम्ही नकळत एका पक्षाचं काम करता.

अभ्यासक कागदावर लिहून आणतात: ‘सुमारे ७,४२,००० रोहिंग्या नागरिकांनी ऑगस्ट २०१७ पासून बांगलादेशात स्थलांतर केलं.’ हे कानासाठी कसं करायचं? आधी प्रसंग, मग आकडा, मग माप: ‘२०१७ चा ऑगस्ट. म्यानमारच्या लष्करानं राखाइन प्रांतात कारवाई सुरू केली आणि रोहिंग्या माणसं पायी, होड्यांतून बांगलादेशात यायला लागली. काही महिन्यांत सात लाखांवर आली. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांच्या आसपास होतं. त्याहून जास्त माणसं.’ मराठीत सव्वा, पाऊण, दीड, अडीच, साडे असे सोयीचे शब्द आहेत, ते सोडून दशांश वाचत बसू नका. मापाचा आकडा सोडला तर एका मिनिटात एकच आकडा ठेवा. दोन झाले की ऐकणारा पहिला विसरतो, तीन झाले की तिन्ही. ‘स्थलांतर केलं’ हे क्रियापदही बदलायला हवं होतं. स्थलांतर माणूस ठरवून करतो. या लोकांना हाकललं गेलं.

तंत्रज्ञानाबद्दल बोलताना घोळ होतो तो ‘ड्रोन’ या एका शब्दामुळे. त्यात तीन वेगळी यंत्रं दडलेली असतात. एकात माणूस दूर बसून पडद्यावर बघत ते चालवतो. दुसऱ्यात उड्डाणाआधीच ठिकाणाचे अक्षांश-रेखांश भरलेले असतात आणि ते तिथे जाऊन आदळतं. तिसरं लक्ष्य स्वतः निवडू शकतं. नैतिक आणि कायदेशीर वाद मुख्यतः तिसऱ्यावर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वयंचलित शस्त्रांवर ठराव आला, तेव्हा १५२ देश बाजूनं होते आणि ४ विरोधात. त्या चारांत भारत होता. अभ्यासकांना इथे थांबवून ‘का’ विचारा. निःशस्त्रीकरणाच्या जुन्या चौकटीतच हा विषय राहावा, ही भारताची भूमिका पटो न पटो, श्रोत्याला ती पुरती ऐकायला मिळाली पाहिजे.

जॅमिंग समजावणं रेडिओवर सगळ्यांत सोपं, कारण साधन श्रोत्याच्या हातातच असतं. तुमच्या केंद्राच्या वारंवारितेवर कुणी शेजारी बसून जास्त ताकदीनं नुसती खरखर सोडली, तर घरातल्या संचात तीच येईल. रणांगणावर ड्रोनचं तेच होतं, चालवणाऱ्याचा संकेत खरखरीत बुडतो. म्हणून २०२४ पासून युक्रेनच्या युद्धात केसासारख्या बारीक काचतंतूला बांधलेले ड्रोन दिसू लागले. उडताना मागे रीळ उलगडत जातं, काही किलोमीटर. संकेत हवेतून जातच नाही, त्यामुळे जॅमर निकामी ठरतो. शेतांत आणि झाडांवर त्या तंतूंची जाळी पसरून राहतात. एवढं एक चित्र दिलं की पुढची वीस मिनिटं ऐकणारा तुमच्याबरोबर राहतो.

सामाजिक न्यायाची बाजू मात्र चित्रानं भागत नाही, तिथे प्रक्रिया सांगावी लागते. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानाच्या तपासणीत करखात्यानं जोखीम ठरवणारी संगणकी पद्धत वापरली. डच नागरिकत्व नसणं हा त्यात जोखमीचा एक निकष होता. लहानसहान चुकांवरून हजारो कुटुंबांना फसवणूक करणारे ठरवून अनुदानाची सगळी रक्कम परत मागितली गेली. जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणावरून तिथल्या सरकारनं राजीनामा दिला. हे ऐकवताना ‘अल्गोरिदमचा पक्षपात’ असं म्हणून पुढे जाऊ नका. कोणती माहिती आत गेली, यंत्रानं काय ठरवलं, त्यावर सही कुणी केली आणि दाद कुठे मागता आली नाही, हे चार टप्पे एकेक करून विचारा. हेच चार प्रश्न आपल्याकडच्या रेशन दुकानातल्या ई-पॉस यंत्राला लागू पडतात. विटा उचलून, भांडी घासून झिजलेल्या बोटाचा ठसा जुळत नाही, तेव्हा धान्य कोण नाकारतं: यंत्र, दुकानदार की नियम? अशा कार्यक्रमात रेशनकार्डधारक बाईला बोलावलं, तर तिला फक्त ‘तुम्हाला कसं वाटलं’ विचारू नका. बोट किती वेळा लावायला सांगतात, ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो, पावती मिळते का, हे तिला विचारा. यंत्राची खरी जाणकार त्या टेबलावर तीच असते. विश्लेषण प्राध्यापकांचं आणि दुःख तिचं, अशी वाटणी करणं हाच अन्याय आहे.

अभ्यासक बोलावला म्हणजे कार्यक्रम सुरक्षित झाला, असंही धरून चालू नका. रवांडात जुलै १९९३ मध्ये आरटीएलएम हे रेडिओ केंद्र सुरू झालं. त्याच्या संस्थापकांपैकी फर्डिनांड नाहिमाना हे विद्यापीठात इतिहास शिकवणारे प्राध्यापक होते. त्या केंद्रावर तुत्सी या तिथल्या अल्पसंख्य समाजाला झुरळं म्हटलं जाई. एप्रिल ते जुलै १९९४ या सुमारे शंभर दिवसांत तिथे आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली, आणि केंद्रावरून माणसांची नावं, गाड्यांचे नंबर पुकारले जात होते. डिसेंबर २००३ मध्ये रवांडासाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं नाहिमाना यांना दोषी ठरवून जन्मठेप दिली, अपिलात ती ३० वर्षांवर आली. म्हणून कुठल्याही समूहाला प्राण्याचं, किड्याचं, रोगाचं नाव देणारं वाक्य आलं की निवेदकानं तिथेच थांबवायचं. एडिटिंगमध्ये बघू, असं म्हणायचं नाही. थेट प्रक्षेपणात एडिटिंग नसतं.

माईककडे येऊ. तिघे असतील तर तिघांना तीन माईक. तोंडापासून वीतभर अंतर, आणि माईक नाकासमोर सरळ न धरता थोडा बाजूला तिरका, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चा फुत्कार थेट त्यावर बसत नाही. दोन माईकमधलं अंतर तोंड-माईक अंतराच्या किमान तिप्पट हवं, नाहीतर एकाचा आवाज दोघांच्या माईकमध्ये जाऊन पोकळ, डब्यातून आल्यासारखा होतो. पातळी सरासरी उणे १८ डेसिबलजवळ ठेवा, जोरात बोलल्यावरही उणे ६ च्या वर जाऊ देऊ नका. वाद रंगला की अभ्यासक पुढे झुकतात, तेव्हा आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. पंखा बंद, मोबाईल फ्लाइट मोडवर. सगळं संपल्यावर अर्धा मिनिट कुणीही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड करा, कापलेल्या जागा भरायला ती लागते.

पाहुणा फोनवर असेल तर जास्त जपावं लागतं. साध्या फोनलाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज येतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांची धार त्याच्या वर असते, ती कापली जाते आणि परकी नावं एकमेकांत मिसळतात. उपाय सोपा आहे: पाहुण्यानं स्वतःच्या मोबाईलवर वेगळं रेकॉर्डिंग करून फाइल पाठवायची. सुरुवातीला दोन्हीकडे ऐकू येईल अशी एक टाळी वाजवायची, त्या टाळीवर दोन्ही फाइली जुळतात. फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. व्हॉट्सअॅपच्या व्हॉइस नोटमध्ये आवाज दाबला जातो.

एडिटिंगमध्ये सगळ्यांत आधी कात्री लागते ती ‘बहुधा’, ‘त्यांच्या म्हणण्यानुसार’, ‘अजून सिद्ध झालेलं नाही’ या शब्दांना, कारण ते काढले की वाक्य ठसठशीत वाटतं. तेच शब्द कापू नका. हेगचा आदेश असाच कापला गेला. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडू नका, कितीही बसत असलं तरी. दर पाच-सहा मिनिटांनी निवेदकानं विषय आणि बोलणाऱ्याचं नाव सांगावं, मधूनच रेडिओ लावणारे बरेच असतात.

नियमांचंही भान ठेवा. सामुदायिक केंद्रांना स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम तयार करून लावायला मनाई आहे. आकाशवाणीची कार्यक्रम संहिता त्यांनाही लागू होते आणि मित्रदेशांवरची टीका तीत वर्ज्य आहे. त्यामुळे आजच्या हल्ल्यावर मतं मागण्यापेक्षा कायदा काय आहे, तो कसा तयार झाला, यंत्र कसं चालतं, यावर कार्यक्रम बांधा. माझ्या मते कार्यक्रम त्यानं अधिक टिकाऊही होतो. पण ही मनाई सैल व्हायला हवी, हेही स्पष्ट म्हणतो. ज्यांच्या रेशनवर, शेतमालाच्या भावावर आणि आखातात कामाला गेलेल्या मुलावर युद्धाचा परिणाम होतो, त्यांना त्याबद्दल स्वतःच्या केंद्रावर बोलता आलं पाहिजे.

चूक झालीच तर दुरुस्ती पुढच्या कार्यक्रमाच्या पहिल्या मिनिटात, त्याच वेळेला, त्याच निवेदकाच्या आवाजात. आधी बरोबर वाक्य सांगा, मग काय चुकलं ते एकदाच, मग पुन्हा बरोबर वाक्य. चुकीचं दोनदा ऐकवलं तर तेच लक्षात राहतं. नियमाप्रमाणे प्रक्षेपित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावे लागतात, त्याबरोबर न कापलेलं मूळ रेकॉर्डिंगही ठेवा, म्हणजे अभ्यासक नेमकं काय म्हणाले होते हे ऐकून बघता येतं. आणि इंटरनेटवर चढवलेली जुनी फाइल त्याच दिवशी बदला. प्रक्षेपण एकदा होऊन जातं, ती फाइल मात्र गावाच्या ग्रुपवर फिरत राहते.