दमणचे दोन बिशप

मंडळी, आज ज्या कॅथलिक धर्मप्रांताबद्दल, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या मुलखाबद्दल, बोलायचं आहे, तो उणीपुरी बेचाळीस वर्षं टिकला. १८८६ साली स्थापना, १९२८ साली बरखास्ती, आणि एवढ्या काळात त्याला बिशप मिळाले दोनच. नाव दमणचं, पण त्याचे बहुतेक भाविक दमणला राहतच नव्हते. ते होते वसईत, साष्टीत आणि मुंबईत. म्हणजे आपल्याच अंगणातली ही गोष्ट, आणि तरीही आपल्याकडे ती फारशी कुणी सांगत नाही.

पोर्तुगालच्या राजाने पूर्वेकडे चर्च बांधायची, धर्मगुरू पोसायचे आणि त्या बदल्यात बिशपांची नावं त्याने सुचवायची, अशी रोमशी, म्हणजे पोपशी, झालेली बोली होती. तिला म्हणायचे पाद्रोआदो. उत्तर कोकण पोर्तुगीजांकडे होतं तोवर ते ठीक चाललं. मग १६६१ च्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्रजांना आंदण गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईच्या ख्रिस्ती गावांना पुढे सांभाळलं ते मुख्यतः गोव्याहून आलेल्या देशी पाद्रींनी. राज्य गेलं, पण चर्चवरचा हक्क राजा सोडायला तयार नव्हता. त्याच्या कितीतरी आधी, १६२२ मध्ये, रोमने प्रॉपगंडा नावाचं स्वतःचं खातं काढलं होतं, आणि हे खातं थेट आपली माणसं इकडे पाठवू लागलं.

इंग्रजांना मुंबईत पोर्तुगीज पाद्री नको होते. त्यांचा मोठा धनी गोव्यात, आणि त्याच्याही वर लिस्बनचा राजा. १७२० मध्ये इंग्रजांनी फ्रान्सिस्कन संघाच्या पाद्र्यांना मुंबईबाहेर काढलं आणि रोमने नेमलेल्या कार्मेलाइट धर्मगुरूंच्या हाती चर्च दिली. १७८९ मध्ये ती पुन्हा गोव्याकडे गेली, दोन वर्षांनी परत फिरली, आणि १७९४ मध्ये सरळ वाटणीच झाली. माझगावची ग्लोरिया आणि दादरची साल्व्हासाव गोव्याच्या आर्चबिशपकडे, तर काव्हेलची एस्पेरांसा आणि माहीमचं सेंट मायकल रोमच्या प्रतिनिधीकडे. कॅथलिकांचा मेंढपाळ कोण, हे प्रॉटेस्टंट कंपनी सरकार ठरवत होतं. दादरचं ते चर्च आजही ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणूनच ओळखलं जातं. सध्याची इमारत चार्ल्स कोरियांची आहे, पण टॅक्सीवाल्याला पत्ता सांगताना जुनं नावच तोंडात येतं.

आता माहीमचं १८५३ चं प्रकरण जरा नीट बघू, कारण त्यात खरी मेख आहे. सेंट मायकलचे बरेच भाविक म्हणाले, आम्हाला रोमच्या प्रतिनिधीखाली राहायचं नाही, आम्ही गोव्याकडे जातो. तेव्हाचे बिशप हार्टमन, मूळचे स्वित्झर्लंडचे, कपुचिन संघाचे, स्वतः चर्चमध्ये जाऊन बसले. मेलो तरी चालेल, पण चर्च सोडणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. बाहेर विरोधकांचा वेढा. अखेर सरकारी अधिकारी मध्ये पडले, आणि चर्च गेलं भाविकांच्या, म्हणजे गोव्याच्या बाजूला. इतिहासकार याला दोन सत्तांचं भांडण म्हणतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. चर्च आमच्या गावाचं, त्यावर कुणाचा पाद्री बसवायचा ते आम्ही बघू, असं लोक म्हणत होते. धनी दोन असले की रयतेला थोडी जागा मिळते, तसं हे झालं होतं.

१८८६ च्या करारात पोप तेरावे लिओ आणि राजा लुईस यांनी तोडगा काढला. भारतात नवी धर्मप्रांतांची रचना आली, मुंबईला रोमच्या बाजूचा आर्चबिशप मिळाला, आणि पोर्तुगालचं समाधान म्हणून दमणचा धर्मप्रांत निर्माण झाला. गंमत अशी, की दमणच्या बिशपला क्रांगानोरचा आर्चबिशप हा किताब जोडून दिला. क्रांगानोर म्हणजे केरळातलं कोडुंगल्लूर! अधिकार मुंबई-वसईच्या लोकांवर, नाव दमणचं आणि मान केरळचा. मानापानाच्या वाटाघाटीतून असंच काहीतरी निघतं.

पहिले बिशप आंतोनियो पेद्रो दा कोस्ता, १८८७ ते १९००. दुसरे सेबास्तियाव जुझे परेरा, १९०० ते १९२५. त्यांच्या काळात एकाच गावात दोन अधिकार सर्रास चालले. वांद्र्याच्या हिल रोडवर चालत गेलात तर सेंट पीटर्स लागतं, ते मुंबईच्या आर्चबिशपचं. आणि तोच रस्ता धरून समुद्राकडे गेलात की सेंट अँड्र्यूज, ते दमणचं. शेजारी-शेजारी राहणारी, एकच बोली बोलणारी माणसं, पण धर्मप्रांत वेगळे.

१९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही गेली. नव्या प्रजासत्ताकाने जेझुइट संघाच्या धर्मगुरूंना देशाबाहेर घालवलं, पुढच्याच वर्षी राज्य आणि चर्च वेगळी केली. पण हिंदुस्थानातल्या बिशपांवरचा हक्क? तो त्यांनी सोडला नाही! घरी देव नको आणि परदेशात देवळाचा मान मात्र हवा, असला हा न्याय.

परेरा १९२५ मध्ये वारले आणि तिसरा बिशप कधी नेमलाच गेला नाही. मुंबईचे आर्चबिशप आल्बन गुडियर या दुहेरी कारभाराने त्रासून १९२६ मध्ये पायउतार झाले. १९२८ च्या करारात दमणचा धर्मप्रांत बरखास्त झाला. दमण आणि दीव गोव्याला जोडले, आणि ब्रिटिश मुलखातली चर्च मुंबईकडे आली. मोबदला काय, तर मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश. म्हणून पहिली पाळी जुआकिम लिमा या पोर्तुगीज जेझुइटाची, त्यानंतर १९३७ मध्ये टॉमस रॉबर्ट्स या इंग्रजाची.

या रॉबर्ट्स साहेबांची मला कमाल वाटते. आपण उठलो की पुन्हा पोर्तुगीज येणार, हे त्यांना दिसत होतं. १९४६ मध्ये त्यांनी व्हॅलेरियन ग्रेशस यांना सहायक बिशप करून घेतलं, कारभार त्यांच्यावर सोपवला आणि स्वतः मुंबईपासून लांब राहिले. राजीनामा मात्र लगेच दिला नाही. जुलै १९५० मध्ये पोर्तुगालने पोर्तुगीज वसाहतीबाहेरचे भारतातले हक्क सोडले, आणि त्याच वर्षी ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. तीन वर्षांनी तेच पहिले भारतीय कार्डिनल.

वसईला स्वतःचा धर्मप्रांत मिळायला १९९८ उजाडलं. पहिले बिशप थॉमस डाबरे, वसईचेच. आणि दमणचं नाव? गोव्याच्या आर्चबिशपांचं अधिकृत बिरुद आजही ‘गोवा आणि दमण’ असंच आहे, आणि क्रांगानोरचा तो किताबही त्यांच्याच नावापुढे लागतो.