कीटोनने गाऊट उतरतो का?

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली, काळ्या पार्श्वभूमीवर चमकणाऱ्या सुया)

या सुया म्हणजे यूरेटचे स्फटिक. रक्तातलं यूरिक ॲसिड डेसिलिटरमागे साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं, की ते पुरतं विरघळून राहत नाही. मग सांध्यात असे स्फटिक साठतात. पायाच्या अंगठ्यात तर हमखास, कारण तो शरीरातला थंड कोपरा. कित्येक वर्षं ते तिथे निमूट पडून असतात. एखाद्या रात्री पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, आणि अंगठ्यावर चादर टेकलेलीही सोसवत नाही. हाच गाऊटचा झटका.

हा भडका उडवणारी यंत्रणा पेशींच्या आतच असते: एनएलआरपी३ इन्फ्लमासोम. ती जागी झाली की इंटरल्युकिन-१ बीटा हे सूज आणणारं रसायन सुटतं आणि सांधा सुजतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात विश्वदीप दीक्षित यांच्या गटाने २०१५ साली दाखवलं, की बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा कीटोन नेमका या यंत्रणेला आवरतो. पुढे २०१७ मध्ये, कीटोन वाढवणारा आहार दिलेल्या उंदरांच्या सांध्यात यूरेटचे स्फटिक सोडले, तेव्हा सूज कमी आली.

आपलं यकृतच हा कीटोन बनवतं. उपास घडला किंवा कर्बोदकं अगदी कमी केली, की चरबीपासून तो तयार होतो. वेदनेने रडकुंडीला आलेल्या माणसाला यातून आशा वाटली तर नवल नाही. ती आशा मी खोटी म्हणणार नाही. पण ती उंदरांच्या सांध्यावर उभी आहे.

(दृश्य: किडनीचं रेखाचित्र)

आता किडनीकडे या. कीटोन आणि यूरिक ॲसिड लघवीवाटे जायला निघतात, तेव्हा एकाच अरुंद दारात दोघांची गर्दी होते. कीटोन पुढे सरकतात, यूरिक ॲसिड मागे राहतं. म्हणून कडक कीटो आहाराच्या, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी केलेल्या आहाराच्या, सुरुवातीच्या आठवड्यांत यूरिक ॲसिड वाढतं, आणि ज्याला गाऊट आहे त्याला नेमका तेव्हाच झटका येऊ शकतो. पुढे बहुतेकांची पातळी पूर्ववत होते. कडक उपासातही हेच घडतं.

कर्बोदकं बेताने, हळूहळू कमी करणं मात्र मला पटतं. वजन उतरतं, इन्सुलिन खाली येतं, आणि इन्सुलिन कमी झालं की किडनी यूरिक ॲसिड जास्त सोडते. गोड पेयांतलं फ्रुक्टोज तर यकृतात थेट यूरिक ॲसिड वाढवतं; ते आधी बंद करावं. इस्रायलमधल्या एका मोठ्या आहार-चाचणीत कमी चरबीचा, भूमध्यसागरी आणि कमी कर्बोदकांचा अशा तिन्ही आहारांनी सहा महिन्यांत यूरिक ॲसिड उतरलं. म्हणजे श्रेय एकट्या कीटोनचं नव्हे.

बाजारात मिळणारी कीटोन सप्लिमेंटची पावडर किंवा पेय रक्तातले कीटोन काही तासच वाढवतं. सांध्यात साठलेले स्फटिक त्याने विरघळत नाहीत. शिवाय अनेक कीटोन क्षारांत सोडियम असतं, आणि गाऊटच्या पुष्कळ रुग्णांना रक्तदाबही असतो.

स्फटिक विरघळतात ते यूरिक ॲसिड महिनोन्महिने ६च्या खाली राहिलं तर. त्यासाठी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट आहे. आहार बदलला म्हणून ही औषधं आपल्या मनाने थांबवू नका.

किडनीचा आजार असेल, इन्सुलिन किंवा ग्लिफ्लोझिन गटातली मधुमेहाची गोळी चालू असेल, तर कर्बोदकं तोडण्याआधी डॉक्टरांना विचारा. ग्लिफ्लोझिन घेताना कीटोन धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतात, आणि साखर मोजली तर ती फारशी वाढलेली दिसतही नाही.