बारा शिपाई आणि त्यांची चरित्रं

नमस्कार मंडळी. आज चरित्रांबद्दल बोलायचंय, पण जी माणसं कधी जन्मालाच आली नाहीत त्यांच्या चरित्रांबद्दल. परत सांगते, कधीच न जन्मलेल्या माणसांची चरित्रं, आणि लिहिली कुणी, तर घरातल्या पोरांनी.

इंग्लंडात यॉर्कशायरमधलं हॉवर्थ गाव, तिथल्या पाद्र्याचं घर, आडनाव ब्राँटे. आई १८२१ मध्ये गेली, १८२५ मध्ये दोन मोठ्या बहिणी गेल्या, मागं उरली चौघं, शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि ॲन, यातल्या तिघी बहिणी पुढं नावाजलेल्या इंग्रजी कादंबरीकार झाल्या. जून १८२६ मध्ये वडील लीड्सहून येताना ब्रॅनवेलसाठी बारा खेळण्यातले शिपाई घेऊन आले. आले तेव्हा रात्र झालेली, पोरं झोपलेली. सकाळी हा आठ वर्षांचा पोरगा पेटी घेऊन बहिणींच्या दारात हजर, तशी शार्लट आणि एमिली टुणकन बिछान्यातून खाली उतरल्या आणि शार्लटनं त्यातला एक झडप घालून उचललाच, म्हणाली हा ड्यूक ऑफ वेलिंग्टन (नेपोलियनला हरवणारा सेनापती), हा माझा! तिचा सगळ्यात देखणा. एमिलीचा जरा गंभीर चेहऱ्याचा, म्हणून त्याचं नाव 'ग्रेव्ही', इंग्रजीत ग्रेव्ह म्हणजे गंभीर. धाकटी ॲन सहा वर्षांची, ती मागनं आली, तिच्या वाट्याला आला एक चमत्कारिक छोटासा, अगदी तिच्यासारखाच, असं शार्लटनंच लिहून ठेवलंय, त्याचं नाव 'वेटिंग बॉय'. आणि ब्रॅनवेलनं घेतला बोनापार्ट, म्हणजे नेपोलियन. आता पेटी त्याची, तरी त्यानं वाटू दिले, मला तर हा पोरगा इथंच आवडला. आपल्याकडं दिवाळीच्या किल्ल्यावर महाराजांना गडावर कोण बसवणार यावरनं भावंडांत काय जुंपते ते तुम्हाला माहितीय. (आणि ते तयार प्लास्टरचे किल्ले आणू नका हो, पोरांचे हात मातीत जाऊ द्या, हळीव पेरू द्या.)

तर या बारा शिपायांना पोरांनी थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेलं, शहर वसवलं, ग्लासटाउन, पुढं अँग्रिया नावाचं राज्य. पोरं स्वतः तिथले जिन, मेलेल्याला उठवणारे. घरातच एवढी मरणं बघितलेली पोरं ही.

आणि मग लिखाण. काड्यापेटीपेक्षाही लहान वह्या, हातानं शिवलेल्या, अक्षर एवढं बारीक की भिंग लागतं, कारण वही शिपायाच्या मापाची हवी. त्यातली एक २०१९ मध्ये हॉवर्थच्या म्युझियमनं पॅरिसच्या लिलावात ६ लाख युरो बोलीला परत आणली. ब्रॅनवेलनं मोठेपणी अलेक्झांडर पर्सी या आपल्या लाडक्या बंडखोराचं अख्खं चरित्र लिहिलं आणि वर लेखक म्हणून नाव घातलं कॅप्टन जॉन बड, म्हणजे चरित्रनायक खोटा आणि चरित्रकारही खोटा, दोघंही त्याच शहरातले!

एमिली आणि ॲननं वेगळी चूल मांडली, त्यांचं कल्पनेतलं बेट गोंडाल. त्याच्या कविता उरल्यात, गद्य सगळं हरवलं, याची मला फार हळहळ वाटते. पण एमिलीचं १८४५ चं एक टिपण आहे. दोघी बहिणी पहिल्यांदाच एकट्या लांबच्या प्रवासाला, यॉर्कला निघाल्या, एमिली जवळजवळ सत्तावीसची, ॲन पंचवीसची. एमिली लिहिते, वाटेत आम्ही रोनाल्ड मॅकएल्गिन होतो, हेन्री अँगोरा होतो, ज्युलिएट ऑगस्टीना होतो, अशी गोंडालमधल्या पात्रांच्या नावांची रांगच. गोंडालमध्ये राजाच्या बाजूचे लोक अडचणीत आलेत आणि हे सगळे पळून त्यांना जाऊन मिळतायत. एक मुक्काम यॉर्कला, एक परतीच्या वाटेवर कीलीला, आणि बुधवारी सकाळी दोघी चालत घरी आल्या.