‘ओळखपत्रा’च्या रकान्यांत

पॅलेस्टिनी कवी महमूद दरवीश यांची ‘ओळखपत्र’ ही कविता १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि बघता बघता सभा-मोर्चांतली घोषणा होऊन बसली. ‘लिहून घे, मी अरब आहे’ हे तिचे पालुपद आजही छाती पुढे काढून म्हटले जाते. मात्र ते ज्या सरकारी कचेरीत उच्चारले गेले, ती कचेरी नजरेआड करून ही कविता वाचता येत नाही.

इस्रायलमधील अरब नागरिकांवर तेव्हा लष्करी अंमल होता. तो १९६६ पर्यंत टिकला, आणि गावाची वेस ओलांडायलाही परवाना लागत असे. गॅलिलीतील अल-बिरवा हे दरवीशांचे जन्मगाव १९४८ च्या युद्धात उद्ध्वस्त झाले. लेबनॉनहून गुपचूप परतलेले त्यांचे कुटुंब सरकारी दप्तरात ‘हजर असूनही गैरहजर’ ठरले.

कवितेत बोलतो तो माणूस दरवीश नव्हे. कवी तेव्हा तेविशीतला आणि अविवाहित होता. हा तर आठ मुलांचा बाप, दगडाच्या खाणीतला मजूर. कारकुनाच्या एकेका रकान्याला तो उत्तर देतो: कार्डाचा क्रमांक पन्नास हजार, नववे मूल उन्हाळ्यानंतर, केस कोळशासारखे काळे, डोळे तपकिरी, पत्ता म्हणजे रस्त्यांना नावे नसलेले एक विसरलेले गाव. माझ्या मते कवितेचे बळ या रुक्ष तपशिलांत आहे, कारण उत्तरे देता देता तो अशाही गोष्टी लिहून घ्यायला लावतो, ज्यांना फॉर्मात जागाच नाही: ऑलिव्हच्या झाडांपूर्वी रुजलेली मुळे, नांगरधारी घराणे, हिरावून घेतलेले द्राक्षमळे. शेवटचा संतापही सशर्त आहे. आपण कोणाचा द्वेष करीत नाही, हे तो आधी नोंदवतो. आपल्यावर भुकेची वेळ आणली तर आपल्या संतापापासून सावध राहा, हा इशारा त्यानंतर येतो. मोर्चात नेमका हा क्रम हरवतो.

पुढे बैरूतमध्ये श्रोत्यांनी याच कवितेचा आग्रह धरला, तेव्हा दरवीशांनी ती म्हणायला नकार दिला. जुलूम करणाऱ्याच्या तोंडावर ‘मी अरब आहे’ असे सुनावणे ठीक; अरबांनाच ते कशाला सांगायचे, असा त्यांचा सवाल होता. टाळ्यांना भुललेल्या कवीला हे जमले नसते.

आसाममधील कवी हाफीज अहमद यांनी २०१६ मध्ये हाच साचा उचलला. तिथल्या बंगाली वंशाच्या मुसलमानांना ‘मियाँ’ म्हणून हिणवले जाते. ‘लिहून घ्या, मी मियाँ आहे’ म्हणणाऱ्या त्यांच्या माणसाकडे राष्ट्रीय नागरिक नोंदणीतला अनुक्रमांक आहे, दोन मुले आहेत, तिसरे पुढच्या उन्हाळ्यात येणार आहे. तो इशारा देत नाही, विचारतो: माझा करता तसाच त्याचाही द्वेष कराल का? २०१९ मध्ये अशा ‘मियाँ कविते’वरून दहा जणांविरुद्ध गुवाहाटीत पोलिसांकडे तक्रार नोंदवली गेली. अहमद त्यांपैकी एक होते.