अंबडचा जॉब आणि कॉलेजची लॅब

हा पितळेचा जॉब बघा, म्हणजे मशीनवर बनवलेला सुटा भाग. वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचगिअरमध्ये बसतो, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये बनतो. भोकाच्या कडेवरून नख फिरवलं की बर लागतो, म्हणजे कापताना उरलेली धातूची खरखरीत कड, बारीक, डोळ्याला दिसतही नाही. दोन पोरं दिवसभर बसून फाइल मारून तो काढतात आणि त्यातूनही एखादा सुटला तर पुढची कंपनी अख्खा लॉट परत पाठवते, मग गाडीभाडं यांचं, रीवर्क यांचं, आणि पेमेंट लटकलं ते वेगळंच.

आता बर येतोच का? टूल घासलंय, फीड, म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, जास्त आहे, की मटेरियलच तसलं आलंय? मेकॅनिकलच्या फायनल इयरच्या तीन-चार पोरांना एक सेमिस्टर पुरेल इतकं काम आहे यात. आणि इंजिनिअरिंग कॉलेजं काय लांब आहेत का? के. के. वाघ पंचवटीत १९८४ पासून आहे, मविप्र संस्थेचं गंगापूर रोडला आहे, बाकीची तर मोजायलाच नको.

पण पोरं प्रोजेक्ट कशावर करतात? सोलर ग्रास कटर. दरवर्षी सोलर ग्रास कटर! काही जण तर रेडिमेड विकत आणतात, ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्ट, बाइंड करून घेतात, वायवा झाला की विषय संपला.

कॉलेजवाले एमआयडीसीत येत नाहीत असं नाही हं. इंडस्ट्रियल व्हिजिटला बस भरून येतात, एमओयू, म्हणजे सहकार्याचा करार, होतो, शाल-श्रीफळ, ग्रुप फोटो, कॉलेजला ग्रेड देणाऱ्या नॅकच्या फाइलला एक कागद लागतो. त्या फोटोनंतर पुढचा फोन कोणी कोणाला करायचा हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं, आणि खरं घोडं तिथेच अडतं. मालकाला उत्तर पाहिजे शनिवारच्या डिस्पॅचच्या आधी, आणि सरांकडे आत्ता सबमिशन चालू, मग परीक्षा, मग पेपर तपासणी. दोघांचंही बरोबरच आहे की.

मोठ्या कंपन्यांचं जमून जातं. ओझरला विमानं बनवणारी एचएएल १९६४ पासून आहे, सातपूरला महिंद्रा, बॉश, यांच्याकडे एचआर आहे, ट्रेनिंग सेंटर आहे, अप्रेंटिस सांभाळायला माणसं आहेत. कायद्यानेही ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घ्यावेच लागतात, ४ ते २९ वाल्यांना ऐच्छिक. आता ज्या युनिटमध्ये मालकच खरेदी बघतो, मालकच क्वालिटी बघतो आणि संध्याकाळी टेम्पोही तोच भरतो, तो पोराला शिकवणार कधी? मग पोरगं महिनाभर कोपऱ्यात उभं राहतं आणि इंटर्नशिपचं सर्टिफिकेट घेऊन घरी जातं.

यूजीसीने २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस आणलं, म्हणजे पीएचडी नसली तरी इंडस्ट्रीत १५ वर्षं घासलेला माणूस वर्गात शिकवू शकतो, मंजूर जागांच्या १० टक्क्यांपर्यंत. चांगलंच आहे, पण त्यातही सिनियर पोस्टवरचा माणूस बरा असं म्हटलंय, म्हणजे साहेब येणार. टूल रूममधला तो फोरमन, ज्याला मशीनच्या आवाजावरून कळतं काय बिघडलंय, त्याला कोण बोलावणार?

नाशिकमध्ये हे जमलेलं एक उदाहरण आहे, कुंभथॉन. २०१५ च्या सिंहस्थाआधी एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, आपल्या नाशिकचेच, त्यांच्या पुढाकाराने कॉलेजची पोरं, कंपन्या, महापालिका एकत्र बसले. गर्दी कुठे तुंबते, हरवलेला माणूस कसा सापडवायचा, असे प्रश्न. त्यातूनच पुढे टीसीएसचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे इनोव्हेशन सेंटर इथे उभं राहिलं. माझ्या मते ते जमलं कारण प्रश्न आधी होता आणि एमओयू नंतर, शिवाय पर्वणीची तारीख कोणाच्या सेमिस्टरसाठी पुढे ढकलता येत नाही.

२०२७ ला परत सिंहस्थ आहे, मीटिंगा सुरूच आहेत. पण अंबडच्या या जॉबला कुंभाची वाट बघायची काय गरज? जूनमध्ये प्रोजेक्टचे विषय ठरतात, त्याआधी एखाद्या सरांनी दोन तास काढून चार युनिटं फिरावीत, नुसतं रिजेक्शनचं रजिस्टर उघडून बघावं. विषय तिथे तारखेसकट लिहिलेले असतात.